जागाभाडे, पंचाहत्तर रुपये

तुर्भ्याचा गाळा आता परवडत नाही,
म्हणून टेपा आवरायला बसले.
पाऊण इंची, अर्धा इंची, मग काडेपेटीएवढ्या.
चाळीस वर्षं अशी बारीक बारीक होत गेलेली.
बुरशी मात्र सगळ्यांना सारखी.

निर्माती म्हणजे नेमकं काय करता, लोक विचारत.
वडापाव मोजते, मी सांगायचे.
खोटं नव्हतं.
घोडबंदरच्या भाड्याच्या बंगल्यात
एका सुनेच्या हातून पूजेचं ताट
सोमवारी सुटायचं आणि गुरुवारी जमिनीला लागायचं.
त्या चार दिवसांच्या पैशांतून
मी एखादा माहितीपट उभा करायचे,
जो रात्री साडेअकराला लागे
आणि माझी आईसुद्धा त्याच्यासाठी जागत नसे.

परवा निकेश मढवी आला.
गळ्यात ऐरोलीच्या कंपनीचा पट्टा, बोलणं हळू.
‘मॅडम, आमच्या आजोबांवर तुम्ही फिल्म केलेली ना,
घणसोलीला, मिठागरावर?’
मला वाटलं, ह्याला आजोबा बघायचेत.
त्याला घर बघायचं होतं.
नोटीस आली होती: बांधकाम अनधिकृत,
जुनं असल्यास पुरावा सादर करावा.

कळव्यात लग्नाच्या व्हिडिओवाल्या दुखंड्यांकडे
कापडाखाली झाकलेलं मशीन निघालं.
त्यांनी टेप आधी दोन दिवस उबेला ठेवली,
अंडं ठेवावं तशी.

मग हिरू मढवी आला पडद्यावर.
काय चेहरा होता!
भुवयांत मीठ, डोळे उन्हाला सरावून बारीक झालेले.
ह्या एका चेहऱ्यावर आम्हाला दिल्लीत
शाल आणि पितळी पणती मिळाली होती.
चेहऱ्यामागे सगळं लोण्यासारखं मऊ.
घर?
तो उजवीकडचा तपकिरी डाग.
‘मागचं सगळं विरघळवून टाकलंय,’
कॅमेरामन सालढाणा तेव्हा खुशीत म्हणाला होता.
त्या लेन्सचं जादा भाडं
मीच मंजूर केलं होतं.

निकेश पडद्याजवळ गेला,
बोटानं काच पुसून पाहिली.

न वापरलेल्या टेपेत एके ठिकाणी
हिरू हसत हसत म्हणतो,
‘माजा तोंड कनाला काडतंस बाय,
घराचा काड ना.’
कॅमेरा हलत नाही.
बाजूनं एक आवाज येतो, तरुण, घाईतला:
‘ऊन चाललंय. पुढे.’
दुखंड्यांनी विचारलं, कोण हो ही बाई?
मी म्हटलं, मशीन थांबवा जरा.

रात्री फायली उपसल्या.
हिशेबाचा कागद मी आयुष्यात टाकलेला नाही.
ऑडिटरच्या भीतीनं म्हणा.
टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या.
घणसोली, फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशी.
चहा, बिस्किटं. बैलगाडी, अर्धा दिवस.
मोडलेल्या टोपलीची भरपाई.
आणि त्याखाली, कार्बनच्या निळ्यात, माझंच अक्षर:
श्री. हिरू पोशा मढवी, राहणार घर क्रमांक एकशे चौदा,
यांचा ओटा व विहीर चित्रीकरणास वापरली,
जागाभाडे, रुपये पंचाहत्तर फक्त.
तिकिटावर अंगठा.
त्याची एकेक रेघ मोजता येईल इतकी स्पष्ट.

चालेल का हे, निकेशनं विचारलं.
मला काय ठाऊक. वकील म्हणाले, बघू.
पणतीचा फोटो आहे, तोही लावू का, मी म्हटलं,
तर तो नुसता हसला, आजोबांसारखा.

मूळ कागदच दिला त्याला.
पण सवय जात नाही,
पावती लिहून घेतली.
मिळाले: एक व्हाउचर.
सही कर, म्हटलं, आणि खाली पत्ता.
पेन जरासं थांबलं.
मग त्यानं सावकाश, आकड्यांत आणि अक्षरांत,
एकशे चौदा लिहिलं.